शोक आणि दुरावा: एकाच प्रार्थनेतल्या दोन विनंत्या

परभणीत मी ज्या घरगुती प्रार्थनासभेला जाऊन बसते, तिथं गाणी आणि वाचन झालं की पाळक वही उघडतात आणि विचारतात, "कुणाच्या विनंत्या आहेत?" मग एकेक जण सांगतो. कुणाच्या मुलीचा निकाल, कुणाचं ऑपरेशन, कुणाचा पाऊस. पाळक लिहून घेतात आणि शेवटी सगळ्यांसाठी एकत्र प्रार्थना करतात. मी मागे सतरंजीच्या कडेला बसून माझ्या वहीत लिहिते. मी या समाजातली नाही, पण पहिल्या दोन-तीन शुक्रवारांनंतर कुणी माझ्याकडे वळून पाहणं बंद केलं.

गेल्या उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी एका मावशींनी सांगितलं की जावई गेले त्याला चाळीस दिवस झाले, लेक अजून जेवत नाही. त्यांच्या नंतर एक मध्यमवयीन गृहस्थ बोलले. बांधावरून भावाशी तीन वर्षं बोलणं नाही, एवढंच म्हणाले आणि खाली बघत राहिले. पाळकांनी प्रार्थनेत या दोन विनंत्या वेगळ्या केल्या नाहीत. देवा, शोकात असणाऱ्यांवर आणि नात्यांत तुटलेल्यांवर दया कर, असं त्यांनी एका वाक्यात म्हटलं. मी वहीत ते वाक्य लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. नंतर मागची पानं चाळली तेव्हा लक्षात आलं की हे पहिल्यांदा झालेलं नव्हतं. मयत आणि भांडण या दोन गोष्टी तिथं जवळजवळ नेहमी शेजारी शेजारी येतात.

का? हा प्रश्न साधा आहे, पण माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण सध्या त्यावर उभं आहे. आज त्याबद्दलच लिहिते.

आधी माझ्या गाइडचं म्हणणं सांगते, कारण ते जवळपास खरं आहे. मी उत्साहानं ही नोंद दाखवली तेव्हा सर म्हणाले, "यात मराठी काय आहे? ही जोडी इंग्रजी प्रार्थनापुस्तकातच आहे." आणि ती आहे. अँग्लिकन चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात एक लांब विनवणी आहे, तिचं मूळ थॉमस क्रॅन्मरनं १५४४ मध्ये केलेल्या लितनीत सापडतं. तिच्यात एक जण विनंती म्हणतो आणि सगळी मंडळी प्रतिसाद देते. अनाथ मुलं, विधवा आणि एकाकी पडलेल्या सगळ्यांना सांभाळ, ही एक विनंती. सर्व माणसांवर दया कर, ही लगेच पुढची. आणि त्याला लागून तिसरी: आमच्या वैऱ्यांना, आमची निंदा करणाऱ्यांना क्षमा कर आणि त्यांची मनं वळव. शोक, दया, बिघडलेले संबंध, तिन्ही ओळीनं. चर्च मिशनरी सोसायटीचे लोक नाशिकला आणि औरंगाबादला काम करत होते, हे पुस्तक त्यांच्या उपासनेचं होतं. म्हणजे वाट सरळ दिसते. लंडनहून औरंगाबाद, औरंगाबादहून परभणी.

मी आठवडाभर निराश होते. मग दोन गोष्टी खटकायला लागल्या. पहिली ही की मराठी ख्रिस्ती भक्तीची भाषा घडवण्यात ज्यांचा हात सगळ्यात मोठा, ते अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशनचे लोक हे प्रार्थनापुस्तक वापरतच नव्हते. ते काँग्रिगेशनल परंपरेचे. छापील प्रार्थना वाचण्यापेक्षा मनातून, उत्स्फूर्त प्रार्थना करणं त्यांच्याकडे रूढ होतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इंग्रजी लितनीतला 'वैरी' हा कुणीतरी लांबचा माणूस आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई-नगरकडे बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाच्या प्रार्थनेत त्याचं मन वळावं म्हणून ज्याचं नाव येतं, तो त्याचा बाप असतो. किंवा बायको. तेच शब्द, पण समोर बसलेलं माणूस बदललं की प्रार्थनाही बदलते.

हे नीट कळायला आपल्याला १८४३ सालच्या मुंबईत जावं लागेल, आणि तिथून परत मराठवाड्यात. कारण त्या गोष्टीचा नायक पुढे परभणीच्या शेजारीच येऊन राहिला.

नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला आणि त्यानं त्या वर्षी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बारा-तेरा, हाही मिशनच्या घरात राहायला गेला होता आणि त्यालाही ख्रिस्ती व्हायचं होतं. बापानं कोर्टात धाव घेतली. थोरला सज्ञान होता, त्याचं काही करता येत नव्हतं, पण धाकट्याला कोर्टानं बापाच्या ताब्यात दिलं. म्हणजे एक मुलगा गेला, एक परत आला. गोष्ट इथं संपायला हवी होती. पण श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. आता त्याला जातीत परत घ्यायचं की नाही, यावर मुंबईतला ब्राह्मण समाज दुभंगला. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावं अशी बाजू घेतली. सनातन्यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि मुलाची बाजू घेणाऱ्यांवरही बहिष्काराची वेळ आली. एका बारा वर्षांच्या पोराच्या जेवणावरून.

या प्रकरणाबद्दल शुद्धीच्या इतिहासात पुष्कळ लिहिलं गेलंय आणि जांभेकरांचं कौतुकही झालंय, ते योग्यच आहे. मला मात्र त्या घरातली संध्याकाळ दिसत राहते. थोरला जिवंत असून मेल्यासारखा. धाकटा घरात असून पंक्तीत नाही. त्या काळात घरातला कुणी धर्म सोडून गेला की त्याच्या नावानं आंघोळ करून मोकळं होण्याची रीत अनेक घरांत पाळली जायची, जिवंत माणसाचं सुतकच एका अर्थी. शोक आणि दुरावा या दोन वेगळ्या भावना आहेत असं आपण समजतो. इथं त्यांच्यात फरक कुठं करायचा? आईच्या बाजूनं पाहिलं तर मुलगा गेला हे वाक्य दोन्ही अर्थांनी खरं आहे.

हाच नारायण शेषाद्री पुढे पाळक झाला, १८६० च्या दशकात जालन्याला आला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, तिथं इंग्रजांची छावणी होती. त्यानं दिवाण सालारजंगांकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. तिथं राहायला आलेल्यांत मांग आणि महार कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. (आजच्या जालना जिल्ह्यातला परतूरकडचा भाग १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता, त्यामुळे 'शेजारी' हा शब्द मी सैल वापरत नाहीये.) १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या ख्रिस्ती परिषदेत तो पागोटं घालून बोलला, याची तिकडच्या वर्तमानपत्रांना भारी नवलाई वाटली. १८९१ मध्ये तो वारला.

बेथेलकडे बहुतेक वेळा मिशनच्या शेतीचा आणि जातिमुक्तीचा प्रयोग म्हणून पाहिलं जातं. मी त्याकडे घर तुटलेल्या माणसानं वसवलेलं गाव म्हणूनही बघायला लागलेय. यात थोडं काव्य आहे, मान्य आहे. पण वस्तुस्थिती अशी की मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांची एक मुख्य मुळी ज्या हातानं लावली, त्या हाताला आईबापाचं घर बंद झालेलं होतं.

इथं एक सावधगिरी. ब्राह्मण धर्मांतरिताचं एकट्याचं घर तुटणं आणि मांगवाड्यातलं अख्खं कुटुंब ख्रिस्ती होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात नवरा-बायको, लेकरं सोबत असायची. मग ताण कुठं यायचा? गावाशी यायचा. वाजवायला जायचं की नाही, जत्रेचा मान घ्यायचा की नाही, गावकीचं कोणतं काम करायचं आणि कोणतं सोडायचं. आणि सोयरिकीत यायचा. एक भाऊ ख्रिस्ती, दुसरा नाही, तर पोरीची सोयरीक कुठं करायची? मयत झाली तर पुरायचं कुठं, आणि खांदा कोण देणार? पाळकांना मी एकदा माझा प्रश्न सरळ विचारला होता, शोक आणि भांडण एकत्र का घेता म्हणून. ते म्हणाले, "ताई, मयतीच्या दिवशीच कळतं ना कोण आलं अन् कोण नाही ते." माझ्या प्रकरणाचं शीर्षक खरं तर हेच असायला हवं होतं, विद्यापीठ ठेवू देणार नाही.

आता कायद्याबद्दल थोडंसं. इंग्रज सरकारनं या तुटण्याला दोन कायद्यांनी उत्तर दिलं. १८५० च्या कायद्यानं सांगितलं की धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नाही. आणि १८६६ च्या कायद्यानं धर्मांतरितांच्या लग्नाचं काय करायचं ते ठरवलं. गंमत म्हणजे दोन्ही आपापल्या वर्षातले एकविसावे कायदे. दुसरा वाचायला फार विलक्षण आहे. नवऱ्यानं ख्रिस्ती धर्म घेतला आणि त्या कारणानं बायको सहा महिने नांदायला आली नाही, तर तो कोर्टात जाऊ शकतो. बायकोनं धर्म बदलला आणि नवरा नांदवत नसेल तर तीही. मग न्यायाधीश समोरच्याला विचारणार, तुझा नकार याच कारणानं आहे का? हो म्हटलं तरी लगेच निकाल नाही. खटला एक वर्ष पुढे ढकलायचा. वर्षानं पुन्हा विचारायचं. तेव्हाही नकारच असेल तर लग्न मोडलं, दोघंही दुसरं लग्न करायला मोकळे. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईला 'मोकळी' या शब्दाचा उपयोग काय होता, हे कायदा सांगत नाही.

कायद्यानं या दुराव्याला मोजून एक वर्षाची मुदत दिली. परभणी निजामाच्या मुलखात, हे कायदे ब्रिटिश इंडियाचे, म्हणून इथं तेवढाही आधार नव्हता.

या वर्षभराच्या मुदतीसमोर एक खरं घर ठेवून बघूया. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या गोऱ्या प्रवाशानं त्यांना बायबल दिल्याची गोष्ट अनेकांना माहीत असते. पण हा निर्णय त्यांनी बायकोला सोबत घेऊन केलेला नव्हता. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या, अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या. आधीची लेकरं हाती लागली नव्हती, दत्तू लहान होता. त्या दत्तूला घेऊन पंढरपूरला बहिणीकडे राहिल्या. एकमेकांपासून ताटातूट झाली ती जवळजवळ पाच वर्षं. टिळक कायद्याच्या वाटेला गेले नाहीत. पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या, तरी सोवळं आणि स्वयंपाक वेगळा ठेवून. अखेर १९०० मध्ये, राहुरीला, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

हे सगळं आपल्याला माहीत आहे कारण त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिलं. पहिला भाग १९३४ चा. शाळेच्या पुस्तकात आपण त्यातले विनोदी उतारे वाचतो, टिळकांचं विसरणं, चिडणं, पैसे उधळणं. पीएचडीला आल्यावर मी ते पुन्हा सलग वाचलं तेव्हा एक गोष्ट दिसली. त्या विनोदामागं एक न संपणारं सुतक आहे. जिवंत नवऱ्याचं. विधवा म्हणावं तर नवरा आहे, सवाष्ण म्हणावं तर नातेवाईक कुजबुजतात. समाजाकडे या अवस्थेला शब्द नव्हता आणि विधीही नव्हता. मेलेल्या माणसाला दहावं, तेरावं असतं. रडायला दिवस ठरवून दिलेले असतात. सोडून गेलेल्या माणसासाठी रडायचे दिवस कुठले?

मला वाटतं, प्रार्थनेत या दोन गोष्टी एकत्र येण्याचं सगळ्यात खोल कारण इथं आहे. ज्या दुःखाला पंचांगात जागा नव्हती, त्याला उत्स्फूर्त प्रार्थनेत जागा मिळाली. तिथं कुणीही उठून सांगू शकत होतं: भाऊ बोलत नाही. माहेर बंद झालं. मुलाला भेटू देत नाहीत. आणि त्याच दमात दुसरं कुणीतरी सांगत होतं की लेकरू गेलं. सांगण्याची जागा एक, सतरंजी एक.

आणि शब्दही एक: दया. यावर जरा रेंगाळते, कारण मला हा भाग आवडतो आणि प्रबंधात तो तळटीपेत ढकलावा लागणार आहे. बायबलच्या जुन्या करारात जिथं आपण मराठीत दया किंवा वात्सल्य वाचतो, तिथं हिब्रूत दोन शब्द वारंवार येतात. एक हेसेद. त्याचा अर्थ नुसती कणव असा नाही. दिलेल्या शब्दाला जागणं, समोरचा चुकला तरी नातं न सोडणं, असं काहीसं. दुसरा रहमीम, जो गर्भाशयासाठी असलेल्या शब्दाशी जोडलेला आहे. म्हणजे आईच्या पोटातून येणारी माया. दोन्ही शब्द नात्याचे आहेत. रडणाऱ्यावर दया कर म्हणणं आणि तुटलेलं जोड म्हणणं, या मूळ भाषेत फार लांबच्या गोष्टी नाहीतच.

मराठीत हे अर्थ उतरायला अडचण आली नाही, कारण इथं माउली तयार होती. गोदाकाठचं गंगाखेड हे जनाबाईंचं गाव मानलं जातं, परभणी जिल्ह्यातलंच. आईबापाविना नामदेवांच्या घरी वाढलेली ही बाई विठ्ठलाला आई म्हणते, आणि तो तिच्यासोबत दळायला बसतो. टिळक म्हणत की ते तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. त्यांच्या अभंगांत ख्रिस्तही माउली आहे. त्यांच्या आधी मराठी मंडळ्यांत इंग्रजी चालींवर बसवलेली गीतं बरीच होती. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन आणलं. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात त्यांच्या रचना आजही मोठ्या प्रमाणात आहेत आणि परभणीच्या त्या सभेतही हार्मोनियमवर बहुतेक वेळा तीच सुरू होतात.

दयेची याचना संध्याकाळी बसून करायची, ही सवयही इथं आधीपासून होती. रामदासांची करुणाष्टकं कितीतरी घरांत दिवेलागणीला म्हटली जायची. आणि रामदासांचं जांब गाव जालना जिल्ह्यातलंच. परंपरा सांगते की 'सावधान' ऐकून ते बोहल्यावरून पळाले, आणि कितीतरी वर्षांनी परत आले तेव्हा रडून रडून आईची दृष्टी गेलेली होती. देवासाठी घर सोडणारा मुलगा आणि मागे आंधळी होणारी आई, ही गोष्ट मिशनऱ्यांनी आणलेली नाही. फक्त रामदासांच्या गोष्टीत मुलगा परत आला की आईला दृष्टी येते. नारायण शेषाद्रीला तसा परतीचा रस्ता नव्हता. आणि बोहल्यावर उभ्या राहिलेल्या त्या मुलीचं पुढे काय झालं, हे विचारायला आपण फारसे थांबत नाही.

हा प्रश्न मला माझ्या विषयातल्या सगळ्यात अवघड जागी आणून सोडतो. या प्रार्थनांचे जे कागद उरलेत, त्यांत बहुतेक आवाज सोडून जाणाऱ्यांचे आहेत. पत्रं, साक्षी, मिशनचे अहवाल. 'माझ्या घरच्यांची मनं वळव' असं ते देवाला सांगतात. त्यांचं दुःख खरं होतं, छळही खरा होता, कुणाला मारहाण झाली, कुणाला कोंडून ठेवलं. तरी प्रश्न उरतो. मन कुणाचं वळायला हवं होतं? मागे राहिलेल्या बाईनंही प्रार्थना केली असेलच, विठोबाला, कुलदेवीला, की यांचं मन वळव. दोन प्रार्थना एकमेकींच्या समोरासमोर उभ्या. मिशनच्या अहवालात पहिली छापली जाते, दुसरी 'विरोध' या शब्दात संपते.

म्हणून लक्ष्मीबाईंचं पुस्तक माझ्यासाठी साहित्याहून मोठी गोष्ट आहे. मागे राहिलेल्या बाईनं, पुढे स्वतः त्याच वाटेवर आल्यानंतरही, मागे राहण्याचं दुःख खोडलं नाही. 'शेवटी सगळं देवानं चांगलंच केलं' असा हात फिरवून तिनं ती पाच वर्षं सपाट केली नाहीत. टिळकांचा राग, त्यांचं न सांगता निघून जाणं, स्वतःचा हट्ट, सगळं तिथंच आहे. क्षमा केली म्हणजे घडलेलं विसरलं पाहिजे असं नाही, हे मला कुठल्या धर्मशास्त्राच्या पुस्तकापेक्षा तिथं जास्त नीट समजलं.

क्षमेवरून आठवलं. येशूनं शिकवलेली जी प्रार्थना प्रत्येक ख्रिस्ती घरात पाठ असते, तिच्या रूढ मराठी रूपात पापाऐवजी 'ऋण' हा शब्द आहे. ग्रीक मूळही कर्जाचंच आहे. आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं, तू आम्हाला सोड, असा तो व्यवहार. आता हे वाक्य दक्षिणेतल्या शेतकऱ्याच्या कानानं ऐका. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि ते लोण नगर जिल्ह्यातही पसरलं. त्याच मुलखात, त्याच दशकात, माणसं रविवारी ऋण सोडण्याची प्रार्थना म्हणत होती. मराठवाड्यात आजही कर्ज हा शब्द उच्चारला की मयत फार लांब नसते. बांधाचं भांडण, सोसायटीचं कर्ज, घरातला मृत्यू, हे आपल्याकडे तीन स्वतंत्र विषय कधीच नव्हते. शहरातून आलेल्या मला त्यांचे तीन कॉलम करावेसे वाटले, एवढंच.

पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनबद्दल मला बरेच जण विचारतात, म्हणून थोडक्यात. केडगावला १९०५ साली प्रार्थनेची जी मोठी लाट आली, ती या विषयात येते, पण वेगळ्या दारानं. तिथल्या अनेक मुली १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळातून आलेल्या. त्यांच्या बाबतीत नाती बिघडलेली नव्हती, नाती उरलीच नव्हती. स्वतः रमाबाईंनी १८७४ मध्ये काही महिन्यांच्या अंतरानं वडील, आई आणि बहीण गमावलेली. उतारवयात, १९२१ मध्ये, एकुलती मुलगी मनोरमा गेली आणि पुढच्याच वर्षी ५ एप्रिलला रमाबाई. तो शोक अफाट आहे. पण भाऊ-भाऊ, नवरा-बायको यांच्यातल्या अबोल्याचा इतिहास शोधायचा तर केडगावपेक्षा नगर आणि जालना मला जास्त देतात.

टिळकांच्या शेवटाकडे परत येते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्याशासारखे राहू लागले, साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला पुन्हा एकदा घर सोडणारा नवरा. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत गेले. ख्रिस्ती रिवाज पुरण्याचा, पण आपल्या देहाला अग्नी द्यावा अशी त्यांची इच्छा होती, आणि अस्थी नगरला ठेवाव्यात अशीही. आपल्याकडे मयतीचा विधी म्हणजे नात्यांची यादी असते. पुरणं आणि जाळणं यांच्या मधल्या रेषेवर ज्यांची नाती तुटली होती, त्या माणसानं शेवटी ती रेषाच ओलांडायची ठरवली. याचा अर्थ नातेवाइकांशी समेट असा मी लावत नाही, त्यांच्या मनात देशी ख्रिस्ती पद्धतीचा विचार जास्त असावा. पण पाळकांचं ते वाक्य, मयतीच्या दिवशी कोण आलं अन् कोण नाही, मला इथं फार आठवतं.

त्यांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य लिहायला घेतलं होतं, ते थोड्या अध्यायांवर थांबलं होतं. उरलेलं, म्हणजे त्याचा बहुतांश भाग, लक्ष्मीबाईंनी लिहिला. ज्या निर्णयानं त्यांचं घर मोडलं होतं, त्या निर्णयाचं महाकाव्य त्यांनीच पुरं करत आणलं. १९३६ च्या फेब्रुवारीत नाशिकला त्या गेल्या.

परवा पुन्हा परभणीला गेले होते. मावशींच्या लेकीनं आता दोन वेळा जेवायला सुरुवात केलीय, असं त्यांनी सांगितलं आणि विनंती वहीत पुढे चालू ठेवायला लावली. बांधवाले गृहस्थ आले होते. या वेळी ते काही बोलले नाहीत. पाळकांनी मागच्या पानावरून त्यांची विनंती स्वतःच नव्या पानावर उतरवून घेतली, तारीख घातली आणि विचारलं, "धाकट्याचं नाव लिहू का?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तो थोरला आहे. लिहा."